ताटाचं घर पटकावलेला डबा

पुरणाचा वास. कारखान्याचा भोंगा. एस्तेर राणीची गोष्ट, घरातच मोठ्याने वाचलेली. विणलेला पांढरा रुमाल. आणि सूर्य मावळायच्या आत.

मित्रांनो, मी एक जुना ॲल्युमिनियमचा डबा आहे आणि मी एका पितळी ताटावर जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आम्ही दोघंही रिसालीतल्या राहेलबाई चेऊलकरांच्या घरचे. हे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घर. मूळचं कोकणातलं, पोलादाच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे रुजलेलं. होळीच्या सुमारास त्यांचा पुरीम येतो, एस्तेर राणीच्या आठवणीचा सण. त्या दिवशी मित्रांकडे खाऊ पाठवायचा आणि दोन गरजवंतांना दान द्यायचं, तेही उजेड आहे तोवर. खाऊ ताटातून जातो, दान माझ्यातून.

आता बघा. ताटाला चिंच लावून घासतात, रुमाल पांघरतात. पुरणपोळ्या घेऊन ते पुढच्या दाराने मिरवत जातं आणि शेजारणी त्याला कधी रिकामं परत धाडत नाहीत. मी पिशवीत लपून मागच्या दाराने निघतो. डाळ, तांदूळ, खाली पाकीट. कुणाकडे गेलो ते घरातही बोलत नाहीत. मी रिकामाच परततो. कौतुक? धुऊन पालथा घालतात, तेवढंच.

यंदा मात्र मी ताटाचं एक घर पटकावलं. पलीकडच्या गल्लीतल्या पंचफुलाकडे दरवर्षी ताट जायचं. पण गेल्या पावसाळ्यात तिचा नवरा पंजाबराव वारला, कमाई थांबली. सकाळी दयाराम रिक्षावाल्याकडून मी परत आलो, तशा राहेलबाई सुनेला म्हणाल्या, "सीमा, आता पंचफुलाकडे डबाच ने. ताट नको. तिला गरज आहे."

मी फळीवरच्या ताटाकडे पाहिलं. काय सांगू, आतून गुदगुल्या झाल्या.

सीमा मला तिच्याकडे ठेवून आली. पण दुपार कलली तशी पंचफुला स्वतःच मला परत घेऊन आली. डाळतांदूळ, पाकीट जसंच्या तसं, वर कागदात चार गुजिया.

"काकू, यंदा ताट कावून नाई आलं? फुटलं काय?"

"पितळ कुठे फुटतं गं?"

"तेच म्हनते मी. मंग मालकासंग मीबी गेली असं समजल्या काय तुमी?"

"अगं, तुला जरा मदत म्हणून..."

"मदत मले लागते, कायले नाई म्हनू. ते मी उद्या येऊन मागून घेईन, हक्कानं. पन सनाच्या दिवशी मले शेजारीन राहू द्या."

ऊन भिंतीवर चढलं होतं आणि दुसरं दान अजून व्हायचं होतं. राहेलबाईंनी गुजिया ठेवून घेतल्या. मग स्वतः ताट उतरवलं, पोळ्या मांडल्या, रुमाल घातला आणि पंचफुलाच्या हाती दिलं. सीमा मला घेऊन बसथांब्याकडे धावली. तिथे कुम्हारी गावची एक म्हातारी झाडू विकत बसते. मी तिच्यापुढे रिकामा झालो तेव्हा उन्हाची एक पट्टी रस्त्यावर उरली होती.

असं माझं घर ताटाने परत नेलं. मी अजूनही जळतो. पण मित्रांनो, कुणाला डबा द्यायचा तर जरूर द्या. त्याच्याकडे जाणारं ताट मात्र बंद करू नका.

माझी निखळलेली कडी पंजाबरावाने बसवून दिली होती, त्याच्या आणि पंचफुलाच्या लग्नाच्या वर्षी.