ससेबाबांच्या चादरी

खाली लाँड्रीचं शटर अजून उघडलं नव्हतं, तरी तिच्या शेजारच्या जिन्यावर रांग लागली होती. प्रत्येकाच्या काखेत घडी घातलेली एक पांढरी चादर. पण कुणालाच ती धुवायला टाकायची नव्हती. सगळे वरच्या मजल्यावर निघाले होते, ससेबाबांकडून चादर वाचून घ्यायला.

"वाचून?" मी ताईला विचारलं.

"गप उभी राहा. आणि ते हसू आवर जरा."

मी जनावरांची डॉक्टर. सुट्टी काढून ताईकडे आले होते, तर आल्या आल्या तिने मला या रांगेत उभं केलं. बाबांची पद्धत साधी होती. ते आपल्याकडचा एक ससा घरी देत. त्याला रात्री आजारी माणसाच्या खोलीत, पलंगाशेजारी पांढऱ्या चादरीवर पिंजऱ्यात ठेवायचं. दारं-खिडक्या बंद, म्हणजे रोग पळून जायला नको. संध्याकाळी बाबांच्या पुडीतला मंतरलेला चारा घालायचा. रात्रीतून ससा माणसाचा आजार ओढून घेतो आणि सकाळी चादरीवर सोडून देतो, लालभडक!

वर बाबा गादीवर बसले होते. मांडीवर एक गलेलठ्ठ ससा, हातात भिंग.

"रोग सशाला!" बाबा गरजले.

"सुख माणसाला!" रांग ओरडली.

आमच्या पुढे एक शिंपी होता. त्याने बायकोची चादर पसरली. बाबांनी लाल डागावर भिंग धरलं. "अहाहा! मणका! गादी सरकली होती, ती बघा इथे उतरली."

"बाबा, तिला साखर आहे," शिंपी चाचरत म्हणाला.

"मग साखर साठते कुठे? मणक्यातच!"

शिंप्याने मान डोलावली. मी खोकल्याच्या आड हसले. मग ताईची पाळी आली.

"छाती," बाबा म्हणाले. "कफ सुटतोय. मुलीचा तो दम्याचा पंप बंद केलात ना?"

"केला, बाबा."

"शाब्बास. पंप म्हणजे बूच. बाटलीला बूच मारलंत तर रोग बाहेर पडणार कुठून? पोरीला धाप लागली तरी घाबरू नका. रोगच निघतोय तो."

इथे मात्र माझं हसू विझलं.

घरी गेलो तर चिमणी, म्हणजे माझी भाची, पलंगावर दोन्ही हात टेकून वाकून बसली होती. दर श्वासाला खांदे वर जात होते आणि छातीतून शिटी वाजत होती. कोंदट खोलीत वाळलेल्या गवताचा भुगा पसरला होता, चादरीला सशाचे केस चिकटले होते. पिंजऱ्यात ढब्या, ताईच्या वाट्याला आलेला ससा, निवांत चघळत बसला होता.

"पंप कुठे आहे?"

चिमणीने कपाटाकडे बोट केलं. ताईने मला अडवलं नाही. नुसतं तोंड फिरवलं. पंप दिल्यावर हळूहळू शिटी कमी झाली, खांदे खाली आले. मी खिडक्या सताड उघडल्या आणि चिमणीला पुढच्या खोलीत नेऊन बसवलं.

"अगं, ते रक्त नाहीये," मी ताईला म्हटलं. "काही सशांना बीटसारखं काही खायला घातलं की लघवी लाल होते. घाबरून माझ्याकडे येतात लोक. आणि दम्याच्या मुलीला रात्रभर बंद खोलीत गवत नि केसांजवळ झोपवायचं म्हणजे..."

"तू ढोरांची डॉक्टर. माणसांच्या आजारात नाक खुपसू नकोस." ताईचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "डॉक्टर म्हणतात, आटोक्यात राहील. मागे विचारलं तरी आटोक्यात, परवा विचारलं तरी आटोक्यात. बरी होईल असं हा एकटाच म्हणाला गं. शिवाय रंगही उतरतोय रोज. मला दिसतंय ना!"

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासणारी माझी ताई! पण कूस बदलत लेकीची धाप ऐकणाऱ्या आईला काय म्हणणार? वाद घालून उपयोग नव्हता. मी एवढंच कबूल करून घेतलं की चिमणीला लागेल तेव्हा पंप मिळेल, आणि मी आहे तोवर तिच्याजवळ मी झोपेन.

दुपारी ताई दुकानात गेल्यावर मी बाबांच्या उरलेल्या पुड्या उघडल्या. पहिल्या दिवसांच्या पुडीत उरलेला चारा गडद, पुढच्या पुड्या फिकट होत गेलेल्या, शेवटची नुसत्या गवताची. चिमूटभर पाण्यात चोळलं तर माझी बोटं लाल झाली.

"मावशी, हे तर बीट!" चिमणी म्हणाली.

"हळू! आता आपल्याला एक पेशंट हवा. धडधाकट. तोंड बंद ठेवणारा."

चिमणीने विचार केला, स्वयंपाकघरात गेली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून एक भोपळा घेऊन आली.

संध्याकाळी ढब्याला गडद पुडी मिळाली. ताई झोपल्यावर आम्ही भोपळ्याला चिमणीच्या पलंगावर निजवलं, पांघरूण घातलं आणि पुढच्या खोलीत जाऊन झोपलो. सकाळी ताई उठायच्या आधी भोपळा उचलला. चादर लाल! ताईने आनंदाने घडी घातली. "रोग पुन्हा जोरात सुटलाय," असं म्हणत ती निघाली. मागून आम्ही दोघी. चिमणीच्या हातात शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि मी तिला सांभाळायला म्हणून आलेय असा ताईचा समज होता.

बाबांनी भिंग फिरवलं. "वा! डाव्या फुप्फुसाचा कोपरा रिकामा झाला. मात्र उजवीकडे जुना रोग आहे. पेशंट अशक्त आहे, चिडचिड करतो, रात्री दचकतो."

"पेशंट आणलाय," मी म्हटलं. "तपासता?"

चिमणीने पुढे होऊन शाल बाजूला केली.

मागून कुणीतरी फिसकलं.

"रात्री ढब्याशेजारी हाच झोपला होता," मी सांगितलं. "मुलगी पुढच्या खोलीत होती."

बाबांनी घसा साफ केला. "भोपळ्यातही जीव असतो!"

"मग मणकाही असेल!" शिंपी ओरडला.

"ज्याची श्रद्धा नाही त्याला..."

"भोपळ्याची श्रद्धा मी कशी तपासू, बाबा?"

जिना हसून हसून हादरला. मी पिशवीतून जखम धुवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढली. सुईने बोट टोचून रक्ताचा थेंब चादरीच्या कोऱ्या कोपऱ्यावर पाडला आणि वर औषध ओतलं. फसफसून पांढरा फेस आला. तेच औषध बाबांच्या लाल डागावर ओतलं. डाग ढिम्म.

"रक्त फेसाळतं. हा बीटचा रंग आहे. सगळ्या सशांना असा रंग येत नाही. ज्यांना येतो तेवढेच यांनी निवडून ठेवलेत. पुडीतलं बीट रोज थोडं कमी करायचं, रंग उतरतो, आणि तुम्ही म्हणता आजार उतरला." मी उरलेल्या पुड्या ओळीने मांडल्या. "घरी पाण्यात कालवून बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका."

लोक बाबांकडे वळले. बाबा मांडीवरच्या सशासकट उठले, "आम्हाला ध्यानाला बसायचंय" म्हणत आतल्या खोलीत शिरले आणि कडी लावली. त्या दिवसानंतर ते गावात कुणाला दिसले नाहीत.

गर्दी खिदळत उतरत होती, पण शिंपी हसत नव्हता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बायकोच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला लावल्यात त्याने. पायाला मुंग्या येतात म्हणते. काय करू?"

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. माणसांच्या. आणि गोळ्या बंद होत्या हे लपवू नका."

तो जिन्यावरून धावतच गेला.

घरी येऊन ताईने खोली झाडली, गवत बाहेर काढलं, गाद्या उन्हात टाकल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चारचौघांत फजिती केलीस माझी."

"केली."

"अगं, एक दिवस तिचे ओठ निळसर दिसले होते. आणि मी म्हटलं, रोग निघतोय." ती खाली बसली आणि रडली. चिमणी जाऊन तिच्या मांडीवर बसली. त्याच दुपारी ताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि पंप नीट कसा घ्यायचा ते स्वतः शिकून आली.

ढब्या माझ्याकडे आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याने फक्त बीट खाल्लं. ससा पाळण्यात काहीच वाईट नाही, पण ज्याला दमा आहे त्याच्या निजायच्या खोलीत त्याची जागा नाही. चिमणी फार रुसली. मग सुट्टीत भेटायचं, तेही अंगणात, यावर तडजोड झाली.

तुम्हालाही कुणी चमत्कार दाखवील. तेव्हा हात जोडण्याआधी एकच विचारा: आजारी माणूस तिथे नसता, तरी हे असंच घडलं असतं का? आणि मग खरोखर करून बघा. प्रश्न विचारला म्हणून खरं औषध रुसत नाही. जो माणूस रुसतो, त्याच्या सांगण्यावरून घरातलं औषध बंद करू नका.