पाठीमागचं तोंड

भाग्यश्रीच्या हातात रंगांची पेटी दिली की घरात शांतता, असं माझी धाकटी बहीण गोकुळा सांगायची. खोटं नव्हतं ते. अख्ख्या वर्गाच्या वह्यांची पहिली पानं तिची ही पोरगी सजवून द्यायची. कुणाच्या विज्ञानाच्या वहीवर फुलपाखरू, कुणाच्या भूगोलावर पृथ्वी, चारी बाजूंनी वेलबुट्टी. बदल्यात कुणी बोरं आणायचं, कुणी नुसतंच गोड बोलायचं. आणि आता नवी इयत्ता सुरू झाली, तर हिच्या स्वतःच्या पर्यावरणाच्या वहीचं पहिलं पान कोरंच.

सरांनी विषय दिला होता, 'आपला जिल्हा, वाघांचा जिल्हा'. सर नुकतेच बदलून आलेले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की चैतात मोहफुलं वेचताना या पोरीच्या आईला वाघाने नेलं! पण मला तेव्हा कसलं बिचारं नि कसलं काय. डोकंच फिरलं माझं. पदर खोचला आणि सरांना चार शब्द सुनवायला निघाले. दारातच भाग्यश्रीने हात धरला.

"मोठी माय, सरले काई नको म्हणू. वाघाचं काई नाई."

"मंग काऊन कोरी वही घेऊन बसली हायेस वं?"

"मी आता चित्रच नाई काढत."

ती आत गेली आणि खुंटीवरचा मुखवटा घेऊन आली. गोकुळाचा.

हे मुखवटे जंगलवाल्यांनी गावातल्या बायकांना वाटले होते. प्लास्टिकचं माणसाचं तोंड, मोठे डोळे, वर झुपकेदार मिशा. ते डोक्याच्या मागच्या बाजूला रबराने बांधायचं. आमच्याकडे जंगलात त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं 'तो' म्हणतात. तो मागून येतो. मोह वेचताना बाई वाकलेली, नजर खाली, पाठ उघडी. मागे डोळे दिसले तर तो बिचकतो, असं जंगलवाल्यांनी समजावलं होतं. पहिल्या दिवशी गोकुळा आणि मी एकमेकींकडे बघून पोट धरून हसलो होतो. पुढून बाई, मागून मिशाळ बुवा!

ती गेली त्या दिवशी तिचा मुखवटा घरी राहिला होता, हे गावाला ठाऊक होतं. विसरली असेल, असंच सगळे म्हणाले.

"विसरली नव्हती आई," भाग्यश्री म्हणाली. "मीच घेतला होता. प्रकल्पाच्या वहीवर मले तोंड काढाचं होतं. मुखवटा पानावर ठेवून पेन्सिल फिरवली तं गोल मस्त येते. आई दारात उभी होती. म्हणे, दे वं लवकर, साऱ्या बाया निघाल्या. मी म्हणलं, थांब, डोळे राह्यले. थांबली थोडी. मंग म्हणे, काढ तू सावकाश, मी जातो."

चैतापासून एवढंसं लेकरू हे एकटं पोटात घेऊन बसलं होतं. हिच्या डोक्यावरून हे ओझं काढायचं, आत्ताच्या आत्ता काढायचं, दुसरं काही मला सुचलंच नाही. मी तोंडाला येईल ते बोलले.

"अवो, तुही माय तो मुखवटा जंगलात घालतच नव्हती! शिवेपर्यंत घाले, पुढं टोपल्यात टाके. रबर टोचते ना. त्या दिवशी संग असता तरी टोपल्यातच राह्यला असता."

साफ खोटं. गोकुळा माझ्याहून भित्री. घरी येऊन चूल पेटवेपर्यंत तिच्या डोक्यामागे तो बुवा असायचा.

"खरंच?"

"माह्या डोळ्याची आन."

पोरीच्या चेहऱ्यावर जरासं काहीतरी हललं. मला वाटलं, जमलं. मग ती हळूच म्हणाली, "मंग दारात थांबली कायले होती? मुखवट्यासाठीच तं थांबली होती ना."

माझ्या तोंडाला गावात कुणी लागत नाही. पण त्या पोरीपुढे माझं खोटं चाललं नाही. तिला पोटाशी धरलं आणि दोघी रडलो.

रविवारी ती ओसरीवर रंग घेऊन बसली. मी जवळ गेले नाही. तिचा बाप डोमा तलावावरून जाळं घेऊन आला, तिच्या मागे उभा राहून पाहिलं आणि परसात निघून गेला. ओलं जाळं त्याच्या खांद्यावरच होतं.

संध्याकाळी तिने वही माझ्यापुढे धरली. चारी बाजूंनी मोहफुलांची नक्षी, फिकट पिवळी. मध्ये झाड. झाडाखाली हिरव्या लुगड्यातली बाई वाकून फुलं वेचते आहे, शेजारी टोपलं. डोक्यामागे मुखवटा नाही, नुसता अंबाडा. आणि तिच्या पाठीला पाठ लावून दोन वेण्यांची, शाळेच्या कपड्यांतली एक पोरगी उभी.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाई, सरनं तं वाघ सांगितला होता. तो कुठी हाये?"

"ते पोरगी जिकडं पाहून राह्यली ना, तिकडं."

पोरगी पानातून थेट माझ्याकडे पाहत होती. मोठे, उघडे डोळे.

"तिच्या डोळ्यायले पापण्या राह्यल्या वं," मी म्हणाले.

"नाई काढत," भाग्यश्री म्हणाली. "पापण्या काढल्या तं डोळे मिटते."