स्वाराच्या अंगावरची माती

लढाईला निघण्यापूर्वी तो वाकून जमिनीतल्या एखाद्या बिळाच्या तोंडाशी साचलेली भुसभुशीत माती उचले, आधी घोड्याच्या आयाळीवर उधळी, मग स्वतःच्या केसांवर. आणि त्या धुळीच्या पडद्यातून दौडत गेलेल्या त्या लाकोटा जमातीच्या सेनानायकाला म्हणे गोळी लागत नसे. हे सांगताना अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात आपोआप हवेत उघडे, आणि टाकानिनी या परदेशी उपनगरातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत, हीटरच्या कोरड्या उबेत, क्षणभर धूळ उडाल्याचा भास होई.

कराडच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेले अण्णा दीडशे वर्षांपूर्वीच्या, अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरच्या या माणसाचं चरित्र लिहीत होते. त्याचं नाव ते कधी घेत नसत. 'आमचा स्वार' म्हणत. स्वाराने आयुष्यात स्वतःचं छायाचित्र काढू दिलं नाही, म्हणून वहीचं पहिलं पान त्यांनी कोरं ठेवलं होतं. केसांत एकच पीस, कानामागे बांधलेला लहानसा खडा, गालावर रंगवलेली वीज, अंगावर गारांचे ठिपके; विजयानंतर इतर सारे गात, तेव्हा हा एकटाच दूर बसे. त्याची लहानगी मुलगी आजारात गेली, तेव्हा मृतांसाठी बांधलेल्या उंच मचाणावर तो तिच्याशेजारी तीन दिवस पडून राहिला. इथे आल्यावर अण्णा चष्मा पुसत.

इकडे यायच्या आधी त्यांनी फोनवर विचारलं होतं, "अंगणातली थोडी माती आणली तर चालेल ना गं?" मी हसून म्हटलं, "फॉर्मवर लिहा म्हणजे झालं." त्यांनी लिहिलं. विमानतळावरच्या मुलीने सॉरी म्हणत रुमालातली माती कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. परक्या मातीला या देशात प्रवेश नाही. नियम योग्यच आहे, आणि इतकी वर्षं इथे राहून तो मला ठाऊक असायला हवा होता. रिकाम्या रुमालाची घडी घालताना अण्णा एवढंच म्हणाले, "आता गोळी लागणार."

स्वाराला शेवटी भुकेने जिंकलं. हिवाळ्यात त्याची माणसं उपाशी कुडकुडत होती, आणि अमेरिकी फौजेच्या अधिकाऱ्यांनी शब्द दिला होता की शरण ये, तुझ्याच मुलखात तुला जागा देऊ. त्याने बंदूक खाली ठेवली. जागा मिळालीच नाही. काही महिन्यांत त्याला कैदेत टाकायला नेताना कोठडीच्या दारात त्याच्या अंगात संगीन घुसली, तेव्हा त्याचे दंड धरून ठेवले होते त्याच्याच एका माणसाने.

हे प्रकरण अण्णा लिहीतच नव्हते. इथल्या जुलैतल्या हिवाळ्याच्या गारठ्यात, कुंपणाला कुंपण लागून उभ्या एकसारख्या घरांकडे बघत वही मिटून बसत. "कराडचं घर देऊन टाकू अण्णा, बंद पडून सडतंय," मी म्हटलं. "दर डिसेंबरात आपण जाऊच की." त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. मग एका डिसेंबरात माझ्या हॉस्पिटलच्या शिफ्ट आल्या, दुसऱ्यात माझ्या मुलीचा, इराचा कॅम्प आला. तिसऱ्या वर्षी अण्णांनी विचारणं सोडलं आणि एका दुपारी ते प्रकरण लिहून काढलं. त्यांनी वाचून दाखवल्यावर इरा म्हणाली, "आजोबा, सो हूज फॉल्ट वॉज इट?"

"ज्याने दंड धरले, त्याला विचार." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्याच हिवाळ्यात ते गेले.

स्वाराला त्याच्या आईवडिलांनी कुठे पुरलं, ते आजवर कोणालाच ठाऊक नाही. अण्णा कुठे आहेत, ते मला नेमकं ठाऊक आहे: कपाटाच्या वरच्या कप्प्यात, धुतलेल्या चादरींमागे, झाकणाच्या डब्यात. कृष्णा-कोयनेच्या संगमावर त्यांना न्यायचं आहे. काळ प्रत्येकाची धूळ करतो, म्हणूनच कदाचित स्वार ती जिवंतपणीच अंगावर घेई. मी मात्र माझ्या वडिलांची मूठभर धूळ दाराआड ठेवून तिला अजूनही पुढच्या डिसेंबरचा शब्द देते आहे.