पंचमाची काडी

पुंजाजीच्या पेटीत दोन काड्यांचा कायमचा मुक्काम असे. एक षड्जाच्या पट्टीशेजारी खोचलेली, दुसरी पंचमाच्या. आगपेटीतल्याच साध्या काड्या, पण त्या खोचल्या की दोन्ही पट्ट्या दबून राहत आणि भाता हलला रे हलला की पेटी आपली गुणगुणायला लागे. आमच्याकडच्या सगळ्या गायन पार्ट्यांची हीच रीत. तानपुरा कुणी पाहिलाय इथं? काडी हाच आमचा तानपुरा. पुंजाजीचं म्हणणं असं, की माणसानं धर्म बदलावा, आम्ही बदलला, चांगलंच केलं. पण पंचमाची काडी हलवू नये.

त्याचा भाचा इंद्रभान जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनावर खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर होता. नोकरीच्या सुरुवातीला तो पूर्णा जंक्शनला असताना डिसोझा नावाच्या एका म्हाताऱ्या गार्डानं त्याला गिटार शिकवली आणि पेन्शनीत निघाला तेव्हा आपली गिटारही देऊन टाकली. तेव्हापासून सुट्टी मिळाली की इंद्रभान गिटार मांडीवर घेऊन एस.टी.नं मंगरूळपीर गाठायचा, मामाच्या पार्टीत बसायला. पेटी मामाची, ढोलकी जानरावची आणि आवाज मामीचा, म्हणजे केशरबाईचा. गिटार कुणी मागितली नव्हती. भाचा आहे, तर वाजवू दे कोपऱ्यात, एवढ्यावर तिचा निभाव लागत होता.

इंद्रभानला कोपरा नको होता. मुकाबल्याच्या, म्हणजे दोन पार्ट्यांच्या चढाओढीच्या गाण्यात शेवटच्या अंतऱ्याआधी वाद्याला एक मोकळी जागा देतात. वाद्यानं तिथं एकट्यानं मनासारखं फिरावं आणि गाणं परत गाणाऱ्याच्या हाती द्यावं. इतर पार्ट्यांत ती जागा बेंजोची. शहात्तर सालच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मुकाबल्यात ती आपण घ्यायची आणि डिसोझानं शिकवलेला ‘होल टोन’ वाजवायचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

"एक पडदा सोडाचा, पुढचा घ्याचा. पुन्हा एक सोडाचा, पुन्हा पुढचा घ्याचा," तो जानरावला समजावून सांगे. "सहाच सूर. सा, रे, ग. मंग तीव्र म. मंग पंचमाले वलांडून कोमल ध, कोमल नी, न् आला सा. साऱ्यायच्या मंधात अंतर सारखं. कोनी मोठा नाई, कोनी लहान नाई."

"हे समतेचं भाषण माइकसमोर कर," पुंजाजी पेटीमागून म्हणे. "गान्यात ठोकू नोको."

ज्यानं रुळांवरून चालत ड्यूटी केली आहे त्याला हे सूर लवकर कळतील. रुळांखालच्या स्लीपर सगळ्या सारख्या अंतरावर असतात. चालत राहा, कुठलंच पाऊल सांगत नाही की स्टेशन जवळ आलं. एरवी गाण्यात अर्ध्या सुराची जवळीक असते, तीच सांगते की आता घर आलं. या सहा सुरांत ती नाहीच, म्हणून ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. डिसोझा म्हणायचा, बाहेर कुठून पडायचं ते ठरवल्याशिवाय जो यात शिरतो तो मूर्ख. इंद्रभाननं ते ठरवलं होतं. तीव्र म आणि कोमल ध यांच्या बरोबर मध्ये पंचम बसलेला. त्याला हात लावायचा नाही, दोन्ही बाजूंनी नुसत्या घिरट्या घालायच्या, आणि लोकांना त्याची तहान लागली की मामीनं तो घेऊन गाणं उचलायचं. मामीचा शेवटचा अंतरा पंचमावरूनच उठायचा.

जऊळक्याला क्वार्टरच्या ओट्यावर हे झकास जमे. मंगरूळपीरच्या तालमीत मात्र दर वेळी नासे.

"लिंबू पिरगाळल्यावानी लागते रे बाप्पा," केशरबाई तोंड वाकडं करून म्हणे. "मिळवली का नाई गिटार?"

इंद्रभाननं तारा बदलल्या. खुंट्या पिळून पिळून सूर मिळवले. तरी आंबट ते आंबटच. एकदा वैतागून तो म्हणाला की दोष पेटीतच असेल, तर पुंजाजीनं लगेच ऐकवलं, "नाचता येईना, आंगन वाकडं." जानराव पोट धरून हसला. इंद्रभानला ते फार लागलं, पण त्यानं गिटार खाली ठेवली नाही.

आणि गंमत अशी, की अंगण खरंच वाकडं होतं. एका रविवारी तालीम चालली असताना पुंजाजीला बिडीची तलफ आली. ओठात बिडी, हातात आगपेटी, पण ती रिकामी. चूलही विझलेली. मग या माणसानं काय करावं? एवढी सोवळ्यातली पंचमाची काडी, तीच उपसली, आगपेटी पायाखाली दाबून तिच्या कडेवर ओढली आणि बिडी शिलगावली. डावा हात भात्यावर तसाच चालू. पेटीतून आता एकटा सा निघत होता, आणि त्याच वेळी इंद्रभानची बोटं सहा सुरांवरून खाली उतरत होती. आंबटपणा गेला. सूर असे सुटे आणि स्वच्छ पडले की त्याच्या अंगावर काटाच आला.

"मामा," तो म्हणाला, "तुमचा पंचम सारा वेळ वाजून राह्यला, म्हनून मह्या सुरायशी भांडून राह्यला. दुसरी काडी नोका लावू. एक डाव आयका."

पुंजाजीनं ऐकलं. कान पक्का होता त्याचा, फरक त्याला कळला आणि त्यानं तो कबूलही केला. "चांगलं लागलं," तो म्हणाला. "तरी नवी काडी लागनारच."

"काहून?"

"तुले मालूम नाई का काहून?" पुंजाजीचा आवाज खाली आला. केशरबाई आत चहाला गेली होती. "मुदतीचा ताप आला तवापासून तिचा सूर वरते घसरते. कारंज्याच्या मुकाबल्यात पंचम सुटला, लोकं हासले. मी पेटीवर होतो. आता ते काडीले टेकून गाते. तो टेकू काढून घेऊ म्हंतो? मह्या बायकोचं हसं मी एक डाव पाह्यलं, दुसऱ्यांदा नाई पाहनार. तुह्या सुरायपायी जयंतीले आंबट वाजलं, त गिटार खुंटीले. आयकलं?"

मामा हट्टी होता, पण त्याचा हट्ट मायेतून आलेला होता, आणि असल्या हट्टापुढे माणूस जास्त हतबल होतो. पण आतमध्ये केशरबाई बहिरी झालेली नव्हती. तिनं चहाच्या कपबश्या एवढ्या जोरात आणून आदळल्या की जानराव ढोलकी सोडून सरकून बसला.

इंद्रभानच्या पुढच्या सुट्टीला पुंजाजी कचेरीत होता. तिथं तो चपराशी होता. केशरबाईनं स्वतःच पेटी ओढली, पंचमाची काडी काढून कनवटीला खोचली आणि म्हणाली, "बस. वाजव. टेकू म्हने. मी का पडकी भिंत हावो?"

पहिल्या दिवशी तिचा पंचम खालीच राहिला. दुसऱ्या खेपेला वर चढून गेला. ती थांबायची, घसा खाकरायची, पुन्हा घ्यायची. इंद्रभानला तिचे हाल बघवत नव्हते.

"मामी, मी नुसता दाखवू का पंचम? हळूच, एका तारेवर?"

"दाखवला त मंग तू न् काडी सारखेच," ती म्हणाली. "मले मह्या पायानं चढू दे."

होळी गेली, उन्हं तापली, आणि अशा बऱ्याच दुपारी गेल्या. पुंजाजीला यातलं काही माहीत नव्हतं. हळूहळू केशरबाईला वाट सापडली. तीव्र म आणि कोमल ध ऐकायचे आणि मधलं अंतर धरायचं. "दोन बाजूले दोन मानसं उभे हायेत, न् मंधात मही जागा मोकळी ठेवली, असं समजते मी," ती म्हणाली. पंचम आता चांगला लागू लागला होता. पण दर वेळी लागेच असं नाही, आणि हे दोघांनाही पक्कं माहीत होतं.

मुकाबला मंगरूळपीरच्या मैदानात होता. दिवस कलला तसं मैदान भरलं. समोरची पार्टी रिसोडच्या रंगूबाईची. त्यांच्या बेंजोवाल्यानं जागेत अशी काही घोडदौड केली की लोकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. मग केशरबाई बसली. ‘अक्षर अक्षर येचलं बाई, तवा घराले दार झालं’, हे तिचं गाणं बायांना आधीच पाठ होतं. आवाज छान लागला. पेटी दोन्ही काड्यांनिशी गुणगुणत होती. अंतरे सरत गेले आणि जागा आली.

इंद्रभाननं पेटीकडे पाहिलं. काडी तिथंच होती. या पंचमावर सहा सूर वाजवले तर आंबट लागणार आणि गिटार खुंटीला जाणार. साधंसुधं काही वाजवलं तर गिटार कोपऱ्यात राहणार, आणि मामी जन्मभर काडीला टेकून. तेवढ्यात केशरबाईनं पदर सारखा केल्यासारखा हात पुढे केला, काडी उपसली आणि मुठीत धरली.

पुंजाजीचे डोळे विस्फारले. पण हजार माणसांसमोर भाता थांबवता येत नाही. इंद्रभान आत शिरला.

बसवलेली फिरत त्यानं पूर्ण केली, वरून खाली उतरला, तीव्र म, कोमल ध, आणि मामीसाठी थांबला. मामी आली नाही. तिनं डोळे घट्ट मिटले होते. गळ्याची शीर हलत होती, आवाज निघत नव्हता.

ठरवलेलं सगळं संपलं होतं. आता जे वाजवायचं ते तिथल्या तिथं सुचायला हवं होतं. तो परत वर चढला, या वेळी एक सूर गाळून एक घेत. मग तीन-तीनचे झुबके करत खाली आला. जाड तारेवर एकच सूर धरून बसला, जानरावनं तिथं दुप्पट लयीची दुगण टाकली तसा पळत सुटला. स्टेशन कुठंच दिसत नव्हतं. मैदान गप्प झालं होतं. लोकांना नेमकं काय हवंय ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण हवं होतं. पंचमाचा पडदा त्याच्या दोन बोटांच्या मध्ये रिकामा होता. नुसतं बोट टेकवायचं, की सगळे सुटले. त्यानं बोट टेकवलं नाही.

पुंजाजीचं बोटही पंचमाच्या पट्टीवर येऊन थबकलं होतं. इंद्रभाननं मामाकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. मामाला नाही म्हणायची ही त्याची पहिलीच वेळ.

त्यानं गती उतरवली. तीव्र म. कोमल ध. पुन्हा म. पुन्हा ध. दोन माणसं दोन बाजूंना उभी केली आणि मधली जागा मोकळी ठेवली.

"दाऽऽर," केशरबाई म्हणाली.

कुणाचाही आधार न घेता सूर सरळ पंचमावर जाऊन उभा राहिला. मैदानातून एक लांब हुंकार उठला. पुंजाजीचं बोट तेव्हा कुठं खाली आलं. पेटीचा पंचम आणि बायकोचा पंचम यांत केसाचंही अंतर नव्हतं. त्यानं तसंच बोट उचललं आणि शेवटचा अंतरा तिला एकटीला म्हणू दिला.

बक्षीस रंगूबाईच्या पार्टीला गेलं. बेंजोला टाळ्या जास्त होत्या, ते खोटं कशाला सांगा?

स्टेजमागे पुंजाजी पेटीवर बसून होता. ओठात बिडी, बिनपेटलेली. इंद्रभान गिटार छातीशी धरून उभा होता. बोलणी खायची त्याची तयारी होती.

"कवापासून चाल्लं होतं हे?" पुंजाजीनं विचारलं.

"होळीच्या आंदीपासून," केशरबाई म्हणाली. "तुमी कचेरीत जाचे तवा."

"न् सुटला असता त?"

"सुटला असता. हासले असते लोकं. मी काई मरत नवती."

पुंजाजीनं भाच्याकडे पाहिलं. "पुढच्या सुट्टीले लवकर ये," तो म्हणाला. "ते सहा सूर मले पेटीवर दाखव."

मग त्यानं बायकोपुढे हात केला. केशरबाईनं मूठ उघडली. काडी घामानं ओली झाली होती. ती पेटीत परत जाणार असं इंद्रभानला वाटलं. पुंजाजीनं ती बंडीला पुसली आणि आगपेटीवर ओढली. पहिल्यांदा नुसतीच खरडली, दुसऱ्यांदा पेटली, आणि त्यानं तिच्यावर बिडी शिलगावली.