एक्सपोर्टचा पांगुळगाडा

मित्रांनो, मी एक जुना पांगुळगाडा आहे. दुकानात मला वॉकर म्हणत. सध्या सांगलीजवळच्या एका द्राक्षबागेत, गोठ्याच्या कडेला असतो. चाकं नाहीत. तरी गुळगुळीत फरशी आठवली की गर्रकन फिरावंसं वाटतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका श्रीमंत देशातला. बाळं माझ्यासकट पायऱ्यांवरून कोसळतात, म्हणून तिथे मला विकायला बंदी. बनवायला मात्र मोकळीक. कायदा मोठा विचारी! माझ्या खोक्यावर पट्टी चिकटवली, ‘फक्त निर्यातीसाठी’. मला वाटलं, हा आपला सत्कारच.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या दुकानदाराने ती पट्टी वाचून दाखवली आणि बागायतदार नानासोंचा चेहरा उजळला. त्यांच्याकडे निवडलेला टपोरा घड एक्सपोर्टच्या पेटीत जातो, उरलेला इथल्या बाजारात.

“एक्सपोर्टचा हाय? मग बघायचंच न्हाई!”

नको असलेला माल कुणी परदेशी धाडत असेल, हे त्या भल्या माणसाच्या स्वप्नातही आलं नाही.

काय दिवस होते ते! त्यांचा नातू साईराज माझ्यात बसून घरभर हिंडायचा. माझं बटण दाबलं की गाणं वाजे आणि त्याची आजी सुलाबाई त्याच तालावर भाकरी थापत. आल्यागेल्याला नानासो सांगत, “हात लावून बघा. एक्सपोर्ट!”

मग एका दुपारी साईराजने पाय रेटले आणि मी सुसाट सुटलो. सोप्यावरून अंगणात उतरणाऱ्या पायऱ्या दिसत होत्या, पण थांबायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. पोराच्या कपाळाला टाके पडले. “अहो, हा जिथं बनतो तिथं विकायला बंदी आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सगळे दवाखान्यातून घरी आल्यावर बागेत कामाला येणाऱ्या लक्ष्मीबाईने मला कोपऱ्यात पाहिलं. “मालक, टाकताय व्हय? आमच्या नातीला द्या की.”

“ने की,” नानासो सुलाबाईंकडे वळले. “तिच्या घराला पायऱ्या कुठं हायत?”

“चूल हाय न्हवं पेटती?”

“आगं, तिला चालंल.”

“आवं, त्या तिकडच्यांनी बी आसंच म्हटलं आसंल. इकडं चालंल म्हणून.”

नानासो उठून आत गेले. मग पाना आणून त्यांनी माझी चाकं काढली.

“आता काय, नातीनं ह्यात बसून फोटू काढायचा?” लक्ष्मीबाई फणकारून गेली.

हल्ली माझ्यावर पोतं टाकून खाली कोंबडीची पिल्लं झाकतात. ती सुखरूप असतात, कारण मी जागचा हलत नाही. मित्रांनो, आपल्या बाळाला नको ती वस्तू दुसऱ्याच्या बाळाला ‘चालेल’ म्हणून देऊ नका. निदान चाकं तरी आधी काढा.

परवा नानासोंनी पेटीतला टपोरा घड उचलून लक्ष्मीबाईच्या हातात ठेवला. “नातीला दे. एक्सपोर्टचा हाय.”

लक्ष्मीबाईने तो आधी चांगला उलटापालटा करून बघितला.