मी बिघडलो नव्हतो

मी एका जुन्या गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर बोलतोय. हल्ली मात्र माझा मुक्काम गाडीत नसतो, शिंप्याच्या टेबलावर असतो. कपड्यांचे कागदी नमुने पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवतात. हुद्दा काय होता आणि काम काय मिळालंय, बघा!

कारखान्यात मी जन्मलो. पत्र्याची चपटी पेटी, एका अंगाला बारीक पिनांच्या रांगा. देखणा म्हणावा असा मी कधीच नव्हतो. पण इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, हे सगळं मी ठरवायचो, डॅशबोर्डच्या खाली अंधारात बसून. गाडी छान पळाली की लोक म्हणत, "काय इंजिन आहे!" माझं नाव कुणाच्या तोंडी नसायचं.

गाडी चालवत मालकीणबाई. त्या नर्स. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय इतका हलका ठेवत, जणू खाली कुणीतरी झोपलंय. त्यांची ती सवय मी शिकून घेतली होती. कामावरून परतताना त्या एकट्याच बडबडत. कुठल्या पेशंटने आज दोन घास खाल्ले, सासूबाईंचे गुडघे, दिवसभराचा राग. कुणी ऐकत नाही, अशी त्यांची समजूत होती. मी ऐकत होतो. मला तेवढीच काय ती सोबत होती.

मग गाडी मध्येच बंद पडायला लागली. माझी एक वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने बांधलेली होती. अर्थिंगची वायर. त्या बोल्टला गंज चढला होता. खड्डा आला की क्षणभर माझी वीज तुटे आणि मला भोवळ येई. मला भोवळ आली की इंजिनही बंद. दुखणं मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं? माझ्या हातात डॅशबोर्डवरचा एक पिवळा दिवा लावणं तेवढं होतं, आणि शुद्ध हरपलेला माणूस दिवा काय लावणार!

एकदा पुलाच्या चढावरच गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. मालकीणबाई पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होत्या. घरी येऊन त्यांनी दारात उभ्या मालकांसमोर किल्ली बॉनेटवर आपटली.

"अहो, विकून टाका ती गाडी. मी पुन्हा चालवणार नाही."

"अगं, असं काय करतेस? दाखवतो ना मेकॅनिकला."

मेकॅनिकने आपलं यंत्र जोडलं. जोडताना वायरी हलल्या आणि नेमकी तेव्हाच मला भोवळ आली. "गाडीचा मेंदूच गेलाय," तो म्हणाला, "कॉम्प्युटर बदला." झालं! निकाल लागला.

मालक पेशाने शिंपी. त्यांनी भंगारवाल्याकडून तशाच गाडीचा कॉम्प्युटर आणला. "मीच बसवतो," म्हणाले. नव्या गाड्यांत कॉम्प्युटरला आपली किल्ली ओळखावी लागते, ओळखली नाही तर गाडी सुरूच होत नाही; ती भानगड आमच्या जुन्या गाडीत नव्हती, म्हणून ते जमण्यासारखंही होतं. मोबाइलवर व्हिडिओ लावला, थांबवला, पुन्हा लावला. आधी बॅटरी सोडली. माझ्या प्रत्येक जोडाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, म्हणजे परत लावताना चूक नको. इतक्या हळुवार हातांनी मला कुणी कधी हाताळलं नव्हतं, आणि तेच हात मला काढून टाकत होते. मला फार वाईट वाटलं.

मला धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी सोडवताना तो गंजलेला बोल्टही काढावा लागला. आता शिंप्याचा हात! मळकी सुई कापडाला न लावणारा माणूस, गंजका बोल्ट परत कसा लावेल? त्यांनी पॉलिश पेपरने तो घासला, खालचा पत्राही चकचकीत केला आणि वायर घट्ट आवळली. दुखणं तिथंच बरं झालं. पण मी तोवर जमिनीवर फडक्यात पडलो होतो.

मालकीणबाईंनी किल्ली फिरवली. गाडी सुरू! रस्त्यावरच्या सगळ्या खड्ड्यांतून चक्कर मारून त्या हसत परतल्या.

"काय हो, खरंच मेंदूच गेला होता की!"

"मग? मी काय उगाच बदलला?" मालकांची छाती फुगली.

त्या दोघांना इतकं हसताना मी किती दिवसांनी पाहिलं. आणि माझ्यावर 'खराब' अशी चिठ्ठी चिकटवली गेली.

आता दिवसभर कात्रीचा, मशीनचा आवाज ऐकतो. मालक येतात, मला उचलतात, सरकवतात, पण बोलत नाहीत. वजनाशी कोण बोलतं? त्या नव्या पाहुण्याचा मला राग नाही. मालकीणबाईंची बडबड आता तो ऐकत असेल, याचा हेवा मात्र वाटतो.

तुमची गाडी अडली, तर आमच्यावर ठपका ठेवण्याआधी एखादा बोल्ट तपासा, एवढीच विनंती. माझं म्हणाल, तर मला एकदाच परत जोडून पाहा, असं मालकांना ओरडून सांगावंसं वाटतं. पण चालत्या गाडीला कोण हात लावतं? ती पुन्हा कुठं बंद पडली, तरच कुणाला माझी आठवण होईल.

सकाळी बाहेर गाडी सुरू होते. मालकीणबाई एकट्याच असतात आत, पुढे तो पुलाचा चढ असतो. मी कान देऊन ऐकत राहतो. आवाज एकसारखा, कुठेही न अडखळता, लांब जातो.

जा, बाई. न थांबता जा. माझी आठवण नाही झाली तरी चालेल.