शेवटच्या टोकाचं पाणी

मी नळी बोलतेय. कोंबड्यांच्या शेडमध्ये पिल्लांच्या डोक्यावर टांगलेली पाण्याची नळी. माझ्या पोटाला ओळीने बारीक निपलं आहेत. पिल्लू मान वर करून चोच मारतं, थेंब पडतो, ते गिळतं. माझ्यातून जे जातं ते थेट त्याच्या आतड्यात. एवढं लक्षात ठेवा, माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो.

कारखान्यातून आले तेव्हा मी आतून काचेसारखी गुळगुळीत होते. शेड वहिनी चालवते. नवरा गेल्यापासून खाद्य, पिल्लांखाली अंथरायचा भुसा, त्यांची ऊब, सगळं तीच बघते. पाण्यातली औषधं मात्र तिच्या धाकट्या दिराने, भावोजींनी, आपल्याकडे घेतली. "ते शास्त्र आहे वहिनी, तुम्ही त्यात पडू नका," म्हणाले आणि टाकीच्या खोलीची किल्ली खिशात टाकली.

त्यांचं शास्त्र ऐका. सकाळी टाकीत जंतू मारायला क्लोरीन. लगेच त्याच पाण्यात, आतड्याला चांगली म्हणून, जिवंत जंतूंची पावडर. ते बिचारे पाण्यात पडता पडताच मरायचे आणि त्यांना मारण्यातच क्लोरीनची ताकद संपायची. वरून गोड, चिकट टॉनिक. मला धुणं त्या शास्त्रात नव्हतंच. उरलंसुरलं टॉनिक माझ्यात बसून राहायचं आणि शेडच्या उबेत त्यावर बुळबुळीत थर चढायचा. शेवटच्या टोकाला सगळ्यात जाड.

पिल्लं पातळ हगू लागली. पिसं विस्कटली, वजन वाढेना. भावोजींनी आणखी एक बाटली ओतली.

आणि दर वेळी तोच थाट. टाकीच्या नळाखाली ग्लास धरायचा, सगळ्यांसमोर गटागटा प्यायचा, मिशी पुसायची. "बघा. माणसालाही चालतं."

पिल्लांची मागची बॅच बिघडली, ही बिघडायला लागली, तेव्हा त्यांनी आईला फोन लावला. तोही माझ्याखाली उभं राहून. "आई, वहिनींना भुसा कोरडा ठेवता येत नाही, म्हणून पिल्लं आजारी पडतात. शेड माझ्याकडे दे." शेड आईच्या नावावर. त्या म्हणाल्या, उद्या येऊन बघते, मग ठरवू.

वहिनी भुसा हलवत होती. तिने ऐकलं. माझ्या पोटातलं सगळं तिच्या माथी मारलं जात होतं. मला हात नाहीत, तोंड नाही. पण टोकाची निपलं होती. ती मी घट्ट मिटून घेतली.

तिकडची पिल्लं कोरड्या निपलांवर चोची आपटू लागली. वहिनी बघायला आली. तिने माझं टोकाचं बूच फिरवलं आणि तिच्या तळहातावर शेंबडासारखा गोळा पडला. तिने वास घेतला. मग बूच परत घट्ट लावलं, माझं पाणी बंद केलं आणि घरातून बादल्या आणून पिल्लांसाठी ताटल्या भरल्या.

"आत्ता नाही," ती मला म्हणाली. "उद्या."

मला इतकं आपलं कुणी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई खुर्चीवर बसल्या. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी सवयीने ग्लास उचलला.

"द्या भावोजी, मी भरते. तुम्ही कशाला हात ओले करता?"

वहिनी टाकीकडे गेली ती फक्त माझं बंद केलेलं पाणी सोडायला. मग सरळ माझ्या टोकाशी आली. बूच निघालं आणि साठवलेलं सगळं मी ओकले. ग्लासात पिवळट पाणी, त्यात लोंबणाऱ्या तारा.

"घ्या."

"हे... हे पिल्लांचं आहे."

"माणसालाही चालतं ना?"

"मी टाकीचं म्हणत होतो."

"टाकीतून तुम्ही पिता. पिल्लं इथून पितात."

आईंनी ग्लासात डोकावून पाहिलं, नाकाला पदर लावला. "रोज पितोस ना रे? मग पी की. का आज तहान नाही?"

अभिमान वाईट. त्यांनी एक घोट घेतला. मी त्या घोटाबरोबर थेट आत गेले, जशी हजारो पिल्लांच्या आत गेले होते.

संध्याकाळी वहिनी हसत आली. "दुपारपासून संडासातून बाहेर नाहीत. टॉनिक देऊ का, म्हणून विचारून आले."

किल्ली आता तिच्या कमरेला असते. तिने मला नळ्या साफ करायच्या औषधाने धुतलं, पण माझं टोक काही साफ होईना, म्हणून तेवढं कापून नवं जोडलं. जी पिल्लं तगली ती हळूहळू सावरली. जी गेली ती गेली. त्यांच्या चोचींची टकटक मी विसरलेले नाही आणि मी कुणाला माफही केलेलं नाही.

कापलेला तुकडा वहिनीने उभा चिरून शेडच्या दाराशी टांगला आहे. आतला थर वाळून काळा पडलाय. तुम्हीही कुणाच्या पाण्यात काही ओतत असाल, तर आधी शेवटचं टोक उघडून बघा. आणि नवी बाटली घेऊन इकडे आलात, तर त्या तुकड्याशेजारी खिळ्याला एक ग्लास अडकवलेला दिसेल.

तो तुमच्यासाठी आहे.